ब्रेकबाईंचा उतार

ब्रेकबाईंच्या उजव्या पायाला स्वतःचं मत होतं. तो पाय सोडून बाकीच्या बाई खुर्चीत बसून शांतपणे भाजी निवडत असल्या, तरी समोरच्याचं बोलणं जरा वेगात निघालं की तो पाय जमीन दाबायचा. नवऱ्यानं नव्या सोफ्याचा विषय काढला की दाबायचा. नणंदेचा फोन आला की दाबायचा. बँकेतल्या माणसानं एकदा ‘मॅडम, तुमच्यासाठी एक सुंदर योजना आहे’ म्हटलं, तेव्हा टाच अशी रुतली की फरशी तडकली, असं नवरा सांगतो. फरशी आधीपासूनच तडकलेली होती, पण नवऱ्याला ती गोष्ट तशीच आवडते.

शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो. त्यावर पाय ठेवून बसायचं आणि आपला जीव अनोळखी माणसाच्या हातात द्यायचा, हा बाईंचा धंदा. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी त्यांनी शिकवली होती आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांच्या सासऱ्यांनी. तोंडावर सगळे ‘मॅडम’ म्हणत, पाठीमागे ‘ब्रेकबाई’. ते नाव आपल्याला ठाऊकच नाही असं बाई दाखवत, आणि त्यांना ते ठाऊक आहे याची आपल्याला कल्पनाच नाही असं लोक दाखवत. दोन्ही बाजूंनी सभ्यता पाळली जात होती.

लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना सायकलसुद्धा येत नव्हती. ड्रायव्हिंग स्कूल सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं. एक गाडी, एक फळा, फळ्यावर गिअरचं चित्र आणि मामंजींचा आवाज, एवढं भांडवल. एकुलता एक मुलगा धंदा पुढे चालवील असं त्यांनी गृहीत धरलेलं. पण मुलाला गाडी लागायची. नुसतं दार उघडून सीटचा वास आला तरी त्याचं तोंड पांढरं पडायचं. त्यानं छापखान्यात प्रुफं तपासायची नोकरी धरली आणि तिथे सायकलनं जाऊ लागला. मामंजींनी काही वर्षं वाट पाहिली. मग एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, ‘‘सूनबाई, तुम्हाला गाडी लागते का?’’

‘‘काय माहीत. बसलेय कुठे कधी?’’

‘‘चला.’’

मुलाखत एवढीच झाली.

पहिल्याच दिवशी मामंजींनी घरासमोरच्या चढावर गाडी उभी केली, हँडब्रेक लावला आणि सुनेला सांगितलं, आता निघा. मैदानावर काय, कोणीही चालवील, असं त्यांचं म्हणणं. चढावर गाडी तसूभरही मागे न सरकता निघाली तरच माणूस शिकला. बाईंना ते जमायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत गाडीच्या मागे उभं राहायला गल्लीतलं कुत्रंसुद्धा तयार नव्हतं.

पुढे स्कूल त्यांच्या हाती आलं, मामंजी घरी बसले, पण शिकवणी उतारावरच राहिली. बाईंच्या मनात मात्र बंद पडलेल्या गिरणीमागचं मैदान होतं. मोकळी जागा, मागून भोंगे नाहीत, मागे सरकायची भीती नाही. गिरणीचा मालक भाड्यानं द्यायलाही राजी होता. तिथे गेल्या तर दिवसाला दुप्पट माणसं शिकवता येतील, हे त्यांनी नवऱ्याला अनेकदा सांगितलं होतं. नवरा ‘हो ना’ म्हणायचा.

आता त्या उताराविषयी. रस्ता पुलावरून सुटतो तो थेट त्यांच्या घरासमोर येऊन पडतो. अरुंद, मध्ये किंचित वळण. पुलावर चढून दमलेल्या गाड्या लोक पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये टाकून खाली सोडून देत. इंजिनाचा आवाज नाही, नुसती चाकांची सरसर. ती ऐकू येईपर्यंत गाडी अंगावर आलेली असायची. रस्त्याच्या अलीकडे बाईंचं घर आणि पलीकडे घड्याळवाल्यांचं दुकान. घड्याळवाले म्हणजे मामंजींचे शाळेपासूनचे मित्र. दुकान कधीचंच बंद झालेलं. आता तिथे नुसती थांबलेली घड्याळं आणि एक पलंग. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे घड्याळवाल्यांना उंबऱ्याबाहेर पडता येत नव्हतं. म्हणून मामंजीच रोज दुपारी जेवण झालं की बुद्धिबळाची पेटी काखेत मारून रस्ता ओलांडायचे आणि दिवेलागणीला कधी जिंकून, कधी रुसून परत यायचे.

एका दुपारी ती सरसर मामंजींना ऐकू आली नाही. मोटरसायकल घासून गेली. तसं जिवावरचं बोटावर निभावलं: मनगट मोडलं, सोंगट्या रस्ताभर झाल्या, एक चप्पल गटारात गेली. पण मोटरसायकलवाला हेल्मेट काढत धावत आला आणि त्याच्या तोंडून निघालं, ‘‘सर, तुम्ही?’’

गाडी त्याला मामंजींनी शिकवली होती. परवान्याच्या परीक्षेला स्वतः घेऊन गेले होते.

मनगट जुळलं. प्लास्टर निघालं त्या दुपारी मामंजी पेटी काखेत घेऊन कडेपर्यंत गेले, उभे राहिले आणि माघारी फिरले. ‘‘आज तो झोपला असेल,’’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ऊन आहे. पुढे पुढे कारण द्यायचंही सोडलं. बाई एकदा म्हणाल्या, ‘‘मामंजी, मी हात धरून सोडते.’’ त्यावर मामंजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बाईंनी तो विषय कानाला खडा लावून बंद केला.

खेळ मात्र बंद पडला नाही. दोघांनी आपापल्या खिडकीत एकेक पट मांडला आणि रस्त्यावरून खाणाखुणांनी चाली सुरू झाल्या. दोन बोटं उड्या मारत गेली की घोडा. दंडाची सोंड केली की हत्ती. मान तिरकी केली की उंट. वजिरासाठी मिशीवर ताव, मिशी दोघांनाही नसताना. अडचण एवढीच, की मध्येच ट्रक गेला की अर्धी चाल ट्रकबरोबर जायची. थोड्याच दिवसांत अलीकडचा पट आणि पलीकडचा पट यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. दोन्ही खिडक्यांमध्ये आपापला मालक जिंकत होता.

‘‘संपत आला तो,’’ मामंजी जेवताना सांगत. ‘‘त्याच्याकडे वजीर नाही.’’

‘‘पण काल ते ताव देत होते की मिशीला,’’ नवरा म्हणाला.

‘‘खाज सुटली असेल.’’

बाईंनी आमटी वाढली. पण पलीकडच्या खिडकीत घड्याळवाले दिवसेंदिवस खाली सरकत चालले होते. आधी छातीपर्यंत दिसायचे, मग खांद्यापर्यंत, आता नुसतं डोकं आणि खुणेपुरता हात. त्या उंबऱ्यावर दुसरं कोणी यायचं नाही. मामंजींना पलीकडे पोहोचवायचं आणि तेही हात न धरता, हे बाईंनी त्याच सुमारास मनाशी ठरवलं.

वाट दाखवली दातांच्या डॉक्टरांनी. हे गृहस्थ बाईंकडे गाडी शिकत होते आणि शिकतच होते. भल्याभल्यांची अक्कलदाढ न थरथरता उपटणारा हात स्टिअरिंगवर आला की गारठायचा. एका सकाळी सिग्नलला गाडी तिसऱ्यांदा बंद पाडून झाल्यावर विषय बदलायला म्हणून ते म्हणाले, ‘‘मॅडम, वाचलंत का? पालिकेनं नवीन काढलंय. गल्लीतल्या लोकांनी आपल्या रस्त्याच्या सुरक्षेसाठी काही करायचं म्हटलं, तर थोडा निधी देतात. अर्ज करायचा.’’

‘‘आधी क्लच दाबा,’’ बाई म्हणाल्या. पण संध्याकाळी पालिकेत गेल्या.

निधीच्या टेबलावरच्या बाई चष्म्यावरून पाहून म्हणाल्या, ‘‘तुमचा गट आहे का?’’

‘‘रस्ता आहे.’’

‘‘रस्ता पालिकेचा. गट तुमचा लागतो. नाव असलेला. रहिवाशांचा.’’

म्हणून गट स्थापन झाला. बैठक बेकरीत भरली, कारण तिथे बाकडं होतं. गटात बेकरीवाल्या वहिनी, इस्त्रीवाले, ब्रेकबाई, आणि लिहिणारा माणूस पाहिजे म्हणून नवरा. पहिला तासभर गटाच्या नावात गेला. ‘उतार मंडळ’ हे इस्त्रीवाल्यांना नको होतं. उतार म्हटलं की धंदा बसल्यासारखं वाटतं. ‘चढ मंडळ’ म्हणावं तर गाड्या वरून खाली येतात. शेवटी नवऱ्यानं नुसतं ‘रस्ता मंडळ’ लिहिलं आणि सगळ्यांनी हात टेकले.

‘‘मागायचं काय?’’ बेकरीवाल्या वहिनींनी विचारलं.

‘‘स्पीडब्रेकर,’’ बाई म्हणाल्या.

‘‘त्यावर स्कूटर आदळून माझ्या केकच्या ऑर्डरी मोडल्या तर?’’

‘‘हळू चालवा की वहिनी.’’

‘‘मी हळूच चालवते हो. तुम्हीच शिकवलंय.’’

इस्त्रीवाले म्हणाले, ‘‘तशी हळू तर सगळेच चालवतात म्हणे. विचारा कोणालाही.’’

नवऱ्यानं लिहायला घेतलं. ‘‘या उतारावरील वाहनांचा वेग जीवघेणा आहे.’’

‘‘कोणाचा घेतला?’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘खोटं नको लिहायला.’’

‘‘बरं. ‘अद्याप घेतलेला नाही’ असं घालतो.’’

मामंजींचा अपघात लिहायचा की नाही, यावर घोडं अडलं. बाई घरी जाऊन विचारून आल्या. मामंजी खिडकीतून मान न वळवता म्हणाले, ‘‘माझं नाव कुठे घालायचं नाही. आणि पाडणाऱ्याचं तर मुळीच नाही.’’ तेव्हा अर्जात ‘एक ज्येष्ठ नागरिक’ पडले आणि ‘एक वाहन’ निघून गेलं.

अर्ज गेला. पालिकेचा माणूस न सांगता येऊन वेग मोजून जाईल, मग निर्णय कळेल, असं त्या चष्मेवाल्या बाईंनी सांगितलं होतं. पत्र आलं तेव्हा नवऱ्यानं ते उभ्यानंच वाचलं. ‘‘सदर रस्त्यावरील वाहनांचा वेग समाधानकारकरीत्या कमी आढळल्याने आपला अर्ज विचारात घेता येत नाही.’’

‘‘काय?’’

‘‘शुद्धलेखन चोख आहे,’’ नवरा म्हणाला. त्या पत्रात त्याला तेवढंच समाधान सापडलं.

बाईंना काही उमगेना. रोज डोळ्यांसमोर गोळीसारख्या सुटणाऱ्या गाड्या मोजणाऱ्याला दिसल्या नाहीत? आंधळा पाठवला होता का? आणि भांडी विसळता विसळता त्यांचा उजवा पाय आपोआप खाली गेला.

गेल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांची उतरणीची शिकवणी होती. पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलांनी, पुलावरून खाली. मग मागच्या गल्लीतून वळसा, पुन्हा पूल, पुन्हा खाली. अख्खी सकाळ. रस्ता अरुंद, त्यामुळे पुढे जाता येत नाही. मागे ही लांबलचक रांग. आणि कडेला एक माणूस उभा होता, हातात केस वाळवायच्या यंत्रासारखं काहीतरी रोखून. प्रत्येक फेरीत त्याचा एक पाय रस्त्यावर. बाईंनी काच खाली करून त्याला झापलं होतं: ‘‘अहो बंदूकवाले! फुटपाथवर व्हा! हौस आहे का मरायची?’’

पालिकेनं त्या उतारावरचा वेग मोजला होता, आणि त्या सकाळी उतारावरचा वेग म्हणजे दातांचे डॉक्टर होते.

बाईंनी दुसऱ्या दिवशी फेरमोजणीचा अर्ज केला आणि या खेपेला तारीख विचारून घेतली. त्या दिवशी शिकवणी बंद. गाडी मागच्या गल्लीत, वर ताडपत्री. बंदूकवाले आले तेव्हा बाई आधीच फुटपाथवर हाताची घडी घालून उभ्या होत्या. माणूस तरुण होता, उन्हानं रापलेला, बोलायला मऊ.

‘‘आवाज ओळखीचा वाटतोय,’’ तो म्हणाला.

‘‘तुम्ही आज फुटपाथवर आहात, चांगलं आहे.’’ मग बाईंनी मागच्या वेळचं सगळं सांगून टाकलं.

‘‘तरी म्हटलं, एकच गाडी किती वेळा मोजतोय मी,’’ तो म्हणाला. ‘‘पण काय आहे मॅडम, यंत्र गाड्या मोजतं. कारणं नाही मोजत. बघू आज.’’

आज तर कहरच झाला. पुलावरून एक टेंपो सुसाट सुटला, वळणावर आला, आणि तिथे एकदम शहाण्या मुलासारखा सरळ झाला. ड्रायव्हरनं बाईंकडे पाहून हात वर केला. पाठोपाठ एक कार आली, तिनं तर इंडिकेटरही दिला, वळायचं कुठेच नसताना. मग बेकरीवाल्या वहिनींची स्कूटर, पाठीचा कणा ताठ. मग दोन मोटरसायकली, एकामागे एक, मधलं अंतर पुस्तकात असतं तेवढं. ‘‘बरी आहे ना मॅडम तब्येत?’’ ‘‘मॅडम, सीटबेल्ट लावलाय हं!’’ बाई डोळ्यांनी दटावत होत्या, अरे जोरात जा, जोरात जा. आणि ते डोळे पाहून लोक आणखी हळू होत होते.

बंदूकवाल्यानं यंत्र खाली केलं. ‘‘मॅडम, जरा पाणी मिळेल?’’

बाई आत जाऊन पाणी घेऊन आल्या. त्यानं पेला बाजूला ठेवला, यंत्रात पाहिलं. ‘‘आणखी एकदा जाता का आत?’’

‘‘फारच तहान हो तुम्हाला.’’

‘‘मला नाही. यंत्राला.’’

बाई आत गेल्या आणि पडद्याआडून ऐकत राहिल्या. सरसर. सरसर. भोंगा. सरसर. बाहेर आल्या, सगळं निवांत. असं त्यानं त्यांना बऱ्याचदा आतबाहेर करायला लावलं. खिडकीत मामंजी पटावरून नजर काढून हे पाहत होते.

शेवटी तो पायरीवर बसला आणि आता खरोखरच पाणी प्यायला. ‘‘स्पीडब्रेकरचं सोडा,’’ म्हणाला. ‘‘पुलावरून रुग्णवाहिका उतरतात, त्यामुळे इथे तो बसत नाही. वेग जास्त निघाला असता तर अर्ज वर गेला असता आणि वर पडून राहिला असता. पण याच निधीत दुसरं एक आहे. पादचाऱ्यांसाठी पट्टे, दोन फलक, एक दिवा. त्याची अट काय, माहितेय? रस्त्यावर वेग कमी असला पाहिजे. जोरात गाड्या जातात तिथे आम्ही पट्टे देत नाही. पट्टे पाहून माणूस बिनधास्त उतरतो आणि गाडी थांबत नाही. तुमचे आकडे त्यात बरोबर बसतात.’’

‘‘पण ते आकडे खोटे आहेत.’’

‘‘खोटे कसे? मीच मोजलेत.’’

‘‘माझ्यामुळे आलेत ते. मी नसले की काय होतं ते ऐकलंत ना?’’

‘‘ऐकलं. म्हणून तर विचारतोय.’’ त्यानं पेला पायरीवर ठेवला. ‘‘अर्जात देखभाल कोण करणार असा रकाना आहे. लोक तिथे रंगरंगोटीचं लिहितात. तुम्ही त्या रस्त्यावर असणार का, तेवढं मला सांगा. नसाल, तर पट्टे मारणं म्हणजे एखाद्याला ढकलण्यासारखं आहे. मग मी शेरा तसाच मारीन. असाल, तर द्यायला माझी हरकत नाही.’’

बाईंनी उद्या सांगते म्हटलं.

त्याच आठवड्यात गिरणीच्या मालकालाही उत्तर द्यायचं होतं. रात्रीची जेवणं झाल्यावर नवऱ्यानं पेन उघडलं. ‘‘देखभालीत ‘रस्ता मंडळ’ लिहिलंय मी. तेच ठेवू?’’

‘‘खोड ते. ‘शिकाऊ गाडी’ लिही. रोज दुपारी, जेवणानंतर.’’

‘‘गाडी कशी देखभाल करेल?’’

‘‘मी आत असते ना तिच्या.’’

नवऱ्यानं खोडलं, लिहिलं, वाळू दिलं. मग म्हणाला, ‘‘आणि मैदान?’’

‘‘मैदानाला काय झालंय. आहे तिथेच आहे ते.’’

गिरणीच्या मालकानं ती जागा पुढे एका लाकूडवाल्याला दिली. ‘‘लाकूड ठेवायला बरी जागा,’’ बाई म्हणाल्या. नवऱ्यानं पुन्हा एकदा ‘हो ना’ म्हटलं, इतकंच.

निधी मंजूर झाला. रंग, फलक आणि दिवा पालिकेकडून, मेहनत मंडळाची, अशी विभागणी होती. रविवारी रस्ता अडवून रंगकाम सुरू झालं. बंदूकवाल्यानं दोरी धरून आखून दिलं, इस्त्रीवाल्यांनी ब्रश घेतला. कपड्याची घडी मोडू न देणारा माणूस, पण रस्त्यावर त्याचा हात काही सरळ पडेना.

‘‘वाकडा गेला!’’ खिडकीतून मामंजी ओरडले. ‘‘तिसरा पट्टा वाकडा गेला!’’

‘‘इथे येऊन सांगा ना!’’ इस्त्रीवाले ब्रश हलवत म्हणाले. ‘‘तिथून काय, मीही सांगेन!’’

खिडकी बंद झाली. बेकरीवाल्या वहिनींनी इस्त्रीवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घालून पुढचा अर्धा तास ब्रश चालवला. पुढचे पट्टे मात्र सरळ आले.

सोमवारपासून शिकाऊ गाडी रोज दुपारी पुलावरून उतरून पट्ट्यांच्या मागे थांबू लागली. कोणी पायी येवो न येवो, थांबायचं. मागे टेंपो, कार, स्कूटर, सगळे थांबायचे. पुढे बाई आहेत म्हटल्यावर भोंगा वाजवायची कोणाची छाती नव्हती. खालून वर येणाऱ्या गाड्यांना तशीही धाप लागलेली असायची. रस्ता पार मोकळा व्हायचा. मामंजी पेटी काखेत घेऊन दारात यायचे, मोकळ्या रस्त्याकडे पाहायचे आणि आत जाऊन पटापुढे बसायचे. पलीकडे घड्याळवाल्यांचा हात खिडकीत हलायचा. कुठली चाल ते आता इतक्या लांबून ओळखू येत नव्हतं.

‘‘पाहिलंत का, मामंजी, पट्टे कसे झालेत?’’ बाईंनी एकदा ताट वाढताना विचारलं.

‘‘तिसरा वाकडाच आहे,’’ मामंजी म्हणाले.

असेच दिवस जात होते. शिकणारे बदलले, कोणाला परवाना मिळाला, कोणी गाडी शिकायचा नाद सोडला. दातांचे डॉक्टर होते तिथेच होते. त्या दुपारी स्टिअरिंग त्यांच्याकडे होतं. गाडी पुलावरून उतरली, वळण आलं, पट्टे दिसले. डॉक्टरांनी ब्रेक दाबला, पण नेहमीसारखा भीत भीत, अर्धाच. अशा वेळी बाईंचा पाय कधी चुकत नसे. वर्षानुवर्षांत नाही. त्या दिवशी तो जरा उशिरा पडला. का, ते पायालाच ठाऊक. गाडी थांबली तेव्हा पुढची दोन्ही चाकं पट्ट्यांवर होती.

दारात मामंजी उभे होते. काखेत पेटी होती, रोज असायची तशी.

‘‘हे काय!’’ ते म्हणाले. मग कडेपर्यंत आले. मग कडेवरून खाली उतरले आणि तरातरा चालत थेट गाडीपुढे जाऊन त्यांनी बोनेटवर हात आपटला. ‘‘चाकं कुठे आहेत? दिसतंय का? पट्ट्याच्या मागे थांबायचं असतं! कोणी शिकवलं तुम्हाला?’’

डॉक्टरांनी घाबरून शेजारी बोट दाखवलं. ‘‘ह्यांनी.’’

‘‘आणि ह्यांना कोणी...’’ मामंजी म्हणाले आणि थांबले.

बाई समोर पाहत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं.

मामंजी थोडा वेळ बोनेटवर हात ठेवून तसेच उभे राहिले, रस्त्याच्या मधोमध. मग त्यांनी मान वर करून मागची रांग पाहिली, पार पुलापर्यंतची. टेंपोवाला त्यांचा शिष्य. कारवाला सुनेचा. त्यामागे एक मोटरसायकल होती, त्या दुपारचीच. तिच्यावरच्या माणसानं हेल्मेटची काच वर केली आणि लगेच खाली केली.

‘‘मागे घ्या,’’ मामंजी म्हणाले. आवाज जुना होता, फळ्यापुढचा. ‘‘हाफ क्लच. चढावर मागे जायचंय, घाई नको. पुढे तसूभर आलात तर उतरवीन खाली.’’

डॉक्टरांनी घाम पुसला, रिव्हर्स टाकला, आणि गाडी, काय झालं कोण जाणे, हळूच, सरळ, पुढे जराही न घसरता मागे सरकली. ती सरकली म्हणून मागचा टेंपो सरकला. टेंपो सरकला म्हणून कार. मोटरसायकलवाल्यानं पाय टेकत टेकत आपली गाडी मागे घेतली. पुलापर्यंत सगळी रांग एकेक हात मागे गेली, आणि कोणाचा बंपर कोणाला लागला नाही.

मामंजींनी सगळं शेवटपर्यंत पाहिलं. मग पेटी सावरली आणि उरलेले पट्टे सावकाश ओलांडून, वाकड्या पट्ट्यावर नापसंतीनं क्षणभर थांबून, ते पलीकडे गेले. दुकानाचं दार उघडंच होतं.

आत पेटी खाली ठेवल्याची खडखड झाली. मग आवाज आला.

‘‘हा वजीर कुठून आणलास?’’

‘‘माझाच आहे! कुठून आणलास म्हणे!’’

‘‘मी मारला होता तो! कधीच!’’

‘‘कधी?’’

‘‘सिमेंटचा ट्रक गेला तेव्हा!’’

‘‘मग ट्रकवाल्याकडून घे जा!’’

डॉक्टरांचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगला चिकटलेले होते. मागे कोणीतरी अगदी अदबीनं, टिचकीएवढा भोंगा वाजवला.

‘‘जाऊ का मॅडम?’’

‘‘फर्स्ट गिअर,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आणि वळसा घालून पुन्हा वर चला. दिवेलागणीला परत यायचंय त्यांना.’’